घरच्या जुन्या कॅसेट डीव्हीडीवर उतरवताना कुठली डिस्क, कुठला फॉरमॅट? पाच महिने करून बघितल्यावरचा रिव्ह्यू

आमच्या बाबांनी २००२ साली हँडीकॅम घेतला होता, मिनीडीव्ही कॅसेटवाला, आणि पुढची सहा-सात वर्षं घरात जे काही झालं ते सगळं त्यांनी त्यात घेऊन ठेवलंय. धाकट्या भावाची मुंज, आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन, रत्नागिरीजवळच्या आमच्या घरचा पाच वर्षांचा गणपती, मधेच कधीतरी नुसतं अंगणात फणस फोडतानाचं शूटिंग, अशा एकूण चौदा कॅसेट. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून कपाटात ठेवलेल्या. यंदा जानेवारीत आत्याचा फोन आला, "अगं, दादाच्या त्या कॅसेटात आप्पांची मंत्रपुष्पांजली आहे ना, ती एकदा बघायचीय मला." आप्पा म्हणजे आमचे आजोबा, आत्याचे वडील. म्हटलं करूया, त्यात काय एवढं.

आत्या ७६ वर्षांची, गावी एकटी राहते, फोन बटणांचा, टीव्ही जुना मोठ्या पाठीचा, आणि त्याला लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींनी जोडलेला एक डीव्हीडी प्लेअर ज्यावर ती कीर्तनं लावते. त्या प्लेअरला यूएसबी नाही. त्यामुळे पेनड्राइव्ह दे, यूट्यूबवर प्रायव्हेट टाक, टीव्ही बदल वगैरे सल्ले मला घरातल्या प्रत्येकाने दिले पण ते तिच्या कामाचे नव्हते. तिला डिस्क घालून प्ले दाबता येतं आणि ते तिचं तिला जमतं, कुणाला हाक मारावी लागत नाही, हे माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं होतं. म्हणून हा रिव्ह्यू कुठल्या एका वस्तूचा नाहीये, रिकाम्या डिस्क, त्यावर लिहायचे फॉरमॅट, आणि मी वापरलेली दोन फुकट सॉफ्टवेअर या सगळ्याचा मिळून आहे, कारण यातली एक गोष्ट जरी चुकली तरी बाकी सगळं बरोबर असून डिस्क लागत नाही.

पहिली डिस्क मी अशी केली. कॅसेट कॉम्प्युटरवर घेतल्या (त्याचं पुढे सांगते), त्यांच्या एमपीफोर फाइल बनवल्या, लॅपटॉपला पातळ एक्स्टर्नल रायटर लावला, रिकामी डिस्क घातली. विंडोजने विचारलं की ही डिस्क कशी वापरायचीय, यूएसबी पेनड्राइव्हसारखी की सीडी-डीव्हीडी प्लेअरसाठी. मी अर्थातच दुसरं निवडलं, प्लेअरसाठी म्हणतंय ना मग झालं. फाइल ओढून टाकल्या, बर्न केलं, माझ्या लॅपटॉपवर छान चालली. कुरिअरने पाठवली. चार दिवसांनी आत्याचा फोन, "अगं, नो डिस्क म्हणतंय हे. मी पुसून पण बघितली." मी तिला फोनवरून तीनदा डिस्क काढायला लावली, तीनदा घालायला लावली. तिच्या आवाजात जे आलं ना, की माझंच काहीतरी चुकतंय, ते मला फार लागलं. तिचं काहीच चुकत नव्हतं.

तर घोळ इथे आहे. त्या खिडकीतला 'प्लेअरसाठी' वाला पर्याय म्हणजे डिस्क बंद करून सगळीकडे वाचता येईल अशी लिहिणं, एवढंच. पण आत ज्या फाइल टाकल्या त्या एमपीफोरच राहिल्या, म्हणजे ती डेटा डिस्क झाली. आणि जुन्या प्लेअरला एमपीफोर म्हणजे काय ते माहीतच नसतं. त्याला लागते डीव्हीडी-व्हिडिओ, म्हणजे डिस्कवर व्हिडिओ-टीएस नावाचं फोल्डर, त्यात व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा तीन जातीच्या फाइल, आतला व्हिडिओ एमपीईजी-टू मध्ये. व्हीओबीत चित्र-आवाज, आयएफओत कुठे काय आहे त्याची माहिती, बीयूपी ही आयएफओचीच जादा प्रत. तुम्ही विकत घेतलेली कुठलीही सिनेमाची डीव्हीडी कॉम्प्युटरवर उघडून बघा, हेच दिसेल, आणि प्रत्येक व्हीओबी १ जीबीच्या आतच असते कारण तो नियमच आहे. हे फोल्डर बनवण्याच्या कामाला ऑथरिंग म्हणतात आणि विंडोजमध्ये आता ते होत नाही. व्हिस्टा आणि विंडोज ७ च्या काही आवृत्त्यांमध्ये डीव्हीडी मेकर होता, विंडोज ८ पासून काढून टाकला. म्हणजे आज नवीन लॅपटॉप घेणारा माणूस फाइल ओढून टाकतो आणि त्याला वाटतं डीव्हीडी झाली.

आणि तो पहिला पर्याय, पेनड्राइव्हसारखा, तो तर घरच्या व्हिडिओसाठी घेऊच नका. त्यात डिस्क उघडी राहते, पुसता-लिहिता येते, ऐकायला छान वाटतं, पण ती फक्त कॉम्प्युटरवरच चालेल असं धरून चाला.

काही प्लेअर एमपीफोर चालवतात की, असं कुणी म्हणेल. खरंय, पण त्यावर डिव्एक्स असं लिहिलेलं असेल तर ते बहुतेक जुन्या पद्धतीचं एव्हीआय चालवतात, आजच्या मोबाइलचं एच.२६४ किंवा एच.२६५ नाही. म्हणून डिस्क ज्याच्याकडे जाणार त्याच्याकडचं मशीन कुठलं, हे आधी विचारा. मी आत्याला विचारलं असतं प्लेअरच्या पुढे काय काय लिहिलंय वाच, तर पहिला महिना वाचला असता. तुमचे नातेवाईक लांब असतील तर त्यांना फोन करून नुसतं पुढच्या बाजूची अक्षरं वाचून दाखवायला सांगा, तेवढंच पुरतं.

आता रिकामी डिस्क. दुकानात गेलात तर डीव्हीडी मायनस आर, प्लस आर (दोन्ही एकदाच लिहायच्या), आरडब्ल्यू (पुसून परत लिहायची), डबल लेयर (दोन थरांची) असं सगळं एकाच रॅकवर दिसतं आणि दुकानदार म्हणतो सगळं सेमच आहे घ्या. कॉम्प्युटरवर डेटा ठेवायला खरंच जवळपास सेम आहे. जुन्या प्लेअरसाठी नाही. मायनस आर ही पायोनिअरची, १९९७ पासूनची, आणि प्लस आर सोनी-फिलिप्स वगैरे कंपन्यांच्या दुसऱ्या गटाने २००२ मध्ये आणली, त्यामुळे सुरुवातीच्या प्लेअरना मायनस आर जास्त ओळखीची. प्लस आरची खरी ताकद अशी की तिच्यावर 'मी डीव्हीडी-रॉम आहे' अशी खूण टाकता येते, त्याला बुक टाइप म्हणतात, मग प्लेअर तिला विकतची डिस्क समजून चालवतो. पण सगळे रायटर हे करू देत नाहीत, माझ्यावाला देत नाही. म्हणून माझा कौल सरळ आहे, जुन्या प्लेअरवर लावायची असेल तर मायनस आर घ्या आणि विषय संपवा. मी दोन्ही करून बघितल्या, आत्याच्या प्लेअरवर मायनस आर लगेच लागते, प्लस आर पाचातल्या दोन लागल्या.

आरडब्ल्यू मात्र वेगळ्या कामाला सोन्यासारखी आहे. तिचा पृष्ठभाग लेझर कमी परतवतो म्हणून जुने प्लेअर तिच्यावर रुसतात, पण स्वतःच्या घरी चाचणी करायला एकच आरडब्ल्यू ठेवा, त्यावर लिहा, टीव्हीवर पूर्ण बघा, पुसा, चूक सुधारून परत लिहा, आणि मगच खऱ्या डिस्कवर जा. हे मला आठ डिस्क फुकट गेल्यावर सुचलं. शेजारच्या काकूंकडे जुना प्लेअर अजून होता, त्यांच्याकडे जाऊन मी सगळ्या चाचण्या केल्या.

ब्रँडचं सांगायचं तर मी वर्बॅटिमच्या १६ एक्सवाल्या (एक्स म्हणजे लिहिण्याचा वेग) मायनस आर घेतल्या, सुट्या घेतल्या तेव्हा एक साधारण तीस रुपयांना पडली, पन्नासचा गठ्ठा घेतला तर स्वस्त. चाळीस लिहिल्या, डिस्कच्या दोषाने एकही वाया गेली नाही. आपल्या पिढीला डिस्क म्हटलं की मोझर बेअर आठवते, त्यांचा नोएडाकडचा कारखाना जगात मोठ्यांपैकी एक होता आणि सिनेमांच्या स्वस्त डीव्हीडी त्यांनीच घरोघरी पोचवल्या, ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत विकायला निघाली आणि संपली. त्यामुळे आता जुना शिल्लक माल म्हणून कुणी गठ्ठा देत असेल तर तो किती वर्षं कुठल्या गोदामात उन्हात-दमटीत होता ते तुम्हाला कळणार नाही, घरच्या व्हिडिओसाठी तसला माल नको. वर्बॅटिमसुद्धा आता मित्सुबिशी केमिकलकडून तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सकडे गेलीये, म्हणून पाकिटावरच्या नावाबरोबर आतला उत्पादकाचा कोडही बघा, इमजीबर्नमध्ये (डिस्क लिहायचं सॉफ्टवेअर, पुढे येईल) रिकामी डिस्क घातली की उजवीकडे तो दिसतो. गठ्ठ्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या डिस्कचा कोड वेगळा दिसला तर माल मिसळलेला आहे असं समजा.

माझ्या आधी बाबांनी २०११ मध्ये हे काम आमच्या भागातल्या एका दुकानाला दिलं होतं, तीन कॅसेट, कॅसेटला साडेतीनशे रुपये. त्यांनी तिन्ही कॅसेट एका डीव्हीडीत कोंबून दिल्या. आत्ता ती डिस्क लावून बघितली तर मुंजीतली भिक्षावळ, आई भावाला पहिली भिक्षा घालतेय, ताटातले तांदूळ पडताना वेगवेगळे दिसायला हवेत तर तिथे नुसते चौकोन चौकोन हलतायत. आणि मूळ कॅसेटवर तेच दृश्य मी परत घेतलं तर तांदळाचा दाणा न दाणा दिसतो, आईच्या शालूची जर दिसते. म्हणजे कॅमेऱ्याचा दोष नव्हता, हिशोबाचा होता.

तो हिशोब सगळ्यांनी एकदा समजून घ्यावा, अवघड नाहीये. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची म्हणतात पण कॉम्प्युटर ती ४.३८ दाखवतो, फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने मोजतं. त्या जागेत तुम्ही जितके जास्त तास घालाल तितका दर सेकंदाला वाट्याला येणारा डेटा कमी, त्यालाच बिटरेट म्हणतात. डीव्हीडी-व्हिडिओत चित्राला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट चालतं. एक तास घातला तर ८ ते ८.५ ठेवता येतं, चित्र सुंदर येतं. दीड तासाला ६ च्या थोडं वर, अजूनही छान. दोन तासाला ४.८ च्या आसपास, चालतं पण गर्दी, आरती, नाच असेल तर कमी पडायला लागतं. तीन तास कोंबले की ३.३ वगैरे उरतं आणि मग ते तांदळाचे चौकोन. हँडीकॅमचं शूटिंग हातात धरून केलेलं असतं, सतत हलतं, त्यामुळे त्याला सिनेमापेक्षा जास्त बिटरेट लागतो, हे कुणी सांगत नाही. माझा नियम, एक कॅसेट एक डिस्क, फार तर दीड तास. तीस रुपये वाचवण्यासाठी मुंज खराब करू नये. अगदी तीन तास घालायचेच असतील तर चित्राचा आकार ७२० बाय ५७६ ऐवजी ३५२ बाय ५७६ करा, तोही डीव्हीडीच्या नियमात बसतो, चित्र थोडं मऊ दिसेल पण फुटणार नाही.

कॅसेट आत घेण्याचं थोडक्यात. मिनीडीव्हीवर रेकॉर्डिंग आधीच डिजिटल असतं, त्यामुळे तीन रंगांच्या वायरीने कॅप्चर करू नका, कॅमेऱ्याला फायरवायर नावाचं डिजिटल पोर्ट असतं (सोनीवर त्याला आयलिंक लिहिलेलं असतं), जुन्या डेस्कटॉपला फायरवायर कार्ड लावून त्यातून घ्या म्हणजे टेपवर आहे तस्संच्या तसं येतं. तासाच्या कॅसेटला तासच लागतो आणि १३ जीबी होते. बाबांचा कॅमेरा आवाज १२ बिटवर रेकॉर्ड करायचा, म्हणजे ३२ किलोहर्ट्झ, आणि डीव्हीडीला लागतो ४८, पण तो बदल सॉफ्टवेअर आपोआप करतं, फक्त माहीत असू द्या.

आता जे मला सगळ्यात जास्त छळलं ते. गणपती विसर्जनाला आमच्या वाडीतली मुलं लेझीम खेळतात. पहिल्या बऱ्या झालेल्या डिस्कवर ते लेझीम लावलं तर सगळ्यांचे हात थरथरत होते, पुढे-मागे-पुढे असं, पाय जमिनीवर टेकायच्या आधी परत वर. बाकी सगळं ठीक, माणूस बसलेला असेल तर काही कळत नाही, हलला की थरथर. मी कॅसेट खराब झाली समजून रडायची बाकी होते. दोन रात्री शोधल्यावर कळलं की हे फील्ड ऑर्डरचं आहे. तेव्हाचे कॅमेरे एक फ्रेम दोन अर्ध्यांमध्ये घ्यायचे, आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या. मिनीडीव्हीत खालचं अर्ध आधी येतं, आणि डीव्हीडी बनवताना सॉफ्टवेअर बऱ्याचदा वरचं आधी धरतं. क्रम उलटला की हलणारी वस्तू सेकंदाला २५ वेळा थोडी मागे जाते. सेटिंगमध्ये 'बॉटम फील्ड फर्स्ट' केलं आणि परत लिहिली. आरडब्ल्यू घेऊन काकूंकडे गेले, लेझीम लावलं, आणि ते हात असे सरळ, स्वच्छ, खाली आले, खण्ण. तुमच्याकडे मिनीडीव्ही किंवा डिजिटल-८ असेल तर हे सेटिंग बघितल्याशिवाय एकही खरी डिस्क लिहू नका. आणि लॅपटॉपवर बघून ठरवू नका, लॅपटॉपचं प्लेअर सॉफ्टवेअर बऱ्याचदा दोन्ही अर्धी मिसळून दाखवतं त्यामुळे चूक लपते.

पाल की एनटीएससी, म्हणजे टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धतींपैकी कुठली, हा प्रश्न पण असाच. आपल्याकडे पाल, म्हणजे २५ फ्रेम, ७२० बाय ५७६, आणि आपल्या हँडीकॅमच्या कॅसेट पालच असतात, त्यांना पालच ठेवा. पण मोबाइलचे व्हिडिओ ३० फ्रेमचे असतात. त्यांची पाल डीव्हीडी केली की सेकंदाला पाच फ्रेम फेकाव्या लागतात आणि कॅमेरा फिरवताना चित्र अडखळत जातं. मोबाइलच्या व्हिडिओंसाठी मी बिनधास्त एनटीएससी निवडते, ओळी ४८० होतात, थोडं कमी बारीक, पण हालचाल पाण्यासारखी. भारतात विकले गेलेले जवळपास सगळे प्लेअर दोन्ही चालवतात. बहीण न्यू जर्सीला आहे, तिला पाठवायच्या डिस्क तर एनटीएससीच करा कारण तिकडचे प्लेअर बऱ्याचदा पाल घेतच नाहीत. म्हणजे एकाच कार्यक्रमाच्या दोन डिस्क, एक रत्नागिरीला पाल, एक तिकडे एनटीएससी, हे मी भावाच्या लग्नाच्या वेळी केलं. एनटीएससी करताना आवाज एसी-थ्री फॉरमॅटमध्येच ठेवा, एमपी-टू हा दुसरा फॉरमॅट सगळीकडे चालेल याची खात्री नसते. उभे धरून काढलेले व्हिडिओ डीव्हीडीवर दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्यांसकट येतात, त्याला इलाज नाही, घरातल्या सगळ्यांना समारंभात फोन आडवा धरायला सांगा.

आणि ४:३ की १६:९ हे विसरू नका. जुन्या कॅसेट ४:३ आहेत. १६:९ निवडलंत तर आप्पा रुंद दिसतील आणि ते आयुष्यात कधी रुंद नव्हते.

सॉफ्टवेअर मी दोन वापरली, दोन्ही फुकट. ऑथरिंगला डीव्हीडीस्टायलर, लिहायला इमजीबर्न. आधी डीव्हीडीस्टायलर. उघडलं की पहिल्याच खिडकीत डिस्कचा आकार, पाल-एनटीएससी, ४:३-१६:९, आवाजाचा फॉरमॅट सगळं विचारतं, म्हणजे मी वर जेवढं सांगितलं ते सगळं एका जागी. फाइल टाकत गेलात की खाली किती मिनिटं झाली, किती उरली ते दिसत राहतं आणि बिटरेट ते स्वतः बसवतं, पण एक तासाची डिस्क असेल तर मी हाताने ८ टाकते. मेनूसाठी मी एक वेगळीच युक्ती केली, मराठी अक्षरं नीट हवी होती म्हणून पूर्ण चित्रच दुसरीकडे बनवलं, आमच्या घराच्या पडवीचा फोटो आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'आरती', 'मंत्रपुष्पांजली', 'विसर्जन', आणि ते मागचं चित्र म्हणून लावून वर नुसती बटणं ठेवली. अक्षरं मोठी म्हणजे खरंच मोठी ठेवा, लॅपटॉपवर बेढब वाटतात पण आत्याच्या २१ इंची टीव्हीवर चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजेत. मेनू आवडत नसेल तर ठेवूच नका, डिस्क घातली की सरळ सुरू होऊ दे, पण चॅप्टर मात्र टाका, नाहीतर मंत्रपुष्पांजलीसाठी चाळीस मिनिटं फॉरवर्ड करत बसावं लागतं.

डीव्हीडीस्टायलरला थेट बर्न न करता आयएसओ फाइल (पूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली प्रत) बनवायला सांगते आणि ती इमजीबर्नने लिहिते. इमजीबर्नची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे तरी माझ्या विंडोज ११ वर उत्तम चालतं. आयएसओ बनवण्याचा फायदा असा की एकदा झाली की पाच नातेवाइकांना पाच डिस्क, प्रत्येकीला पंधरा मिनिटं, बस. स्पीड ४ एक्स ठेवते. काही जण म्हणतात ८ ला पण काही होत नाही, नसेल होत, पण पाच-सात मिनिटांसाठी मी धोका घेत नाही. लिहून झाल्यावर व्हेरिफायची खूण काढून टाकू नका, लिहिलेलं परत वाचून बघितल्याशिवाय ती डिस्क झाली असं म्हणायचंच नाही. फायनलाइझ (डिस्क कायमची बंद करणं) आपोआप होतं, ते बंद केलं तर प्लेअरला डिस्क रिकामीच दिसते. आणि रायटर थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, यूएसबी हबला लावून मी एक डिस्क ८३ टक्क्यांवर गमावलीये.

डबल लेयर, ८.५ जीबीवाली, घेऊन बघितली, दोन. महाग, हळू लिहिली जाते, एका थरावरून दुसऱ्यावर जाताना प्लेअर क्षणभर थांबतो, आणि आत्याकडे तर एकही लागली नाही. साध्या दोन डिस्क करा त्यापेक्षा.

ब्लू-रे. घरच्यांना बघायला म्हणून विचारत असाल तर नको, आपल्याकडे किती घरांत ब्लू-रे प्लेअर आहे? पण मूळ फाइल जपायला मला ती हवीच होती, कारण डीव्हीडी-व्हिडिओ केलं की चित्र दाबलं जातं, १३ जीबीचं ४ होतं, आणि दाबलेलं परत उलगडत नाही. मूळ डीव्ही फाइल डीव्हीडीवर ठेवायची तर एका डिस्कवर जेमतेम २१ मिनिटं मावतात. ब्लू-रे २५ जीबीची, म्हटलं चला दोन कॅसेट बसतील, आणि दोन पूर्ण कॅसेट होतात जवळजवळ २६! एवढ्याशाने नाही बसत. सुदैवाने बाबा कॅसेटच्या शेवटची पाच-सात मिनिटं कायम सोडायचे त्यामुळे बऱ्याचशा जोड्या बसल्या, ज्या नाही बसल्या त्यांना वेगवेगळी डिस्क दिली. इथे मात्र डेटा डिस्कच करायची, ऑथरिंग वगैरे काही नाही, फाइल आहे तशी. फक्त फाइल सिस्टिम यूडीएफ निवडा, जुन्या आयएसओ ९६६० पद्धतीत (वरच्या आयएसओ फाइलशी गल्लत नको) ४ जीबीपेक्षा मोठी फाइल अडते. ब्लू-रे लिहिणारा रायटर वेगळा आणि महाग असतो, मी मित्राचा आणून केलं. एलटीएच असं लिहिलेल्या स्वस्त ब्लू-रे डिस्क टाळा, त्यात डीव्हीडीसारखाच सेंद्रिय रंग असतो, साध्या बीडी-आरमध्ये (एकदाच लिहायची ब्लू-रे) धातूसारखा टिकाऊ थर असतो. आणि घ्यायच्या असतील तर लांबवू नका, सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिण्याच्या ब्लू-रे डिस्क आणि मिनीडीव्ही कॅसेट दोन्हींचं उत्पादन थांबवलं.

हार्डडिस्कवर एक प्रत आहेच. डिस्कवर टाकलं म्हणून हार्डडिस्कवरचं पुसू नका, आणि कॅसेट तर फेकूच नका.

डिस्कवर लिहायला बॉलपेन नको, स्पिरिटचा उग्र वासाचा मार्कर नको, स्टेशनरीत सीडी मार्कर म्हणून मिळतो तो घ्या. कागदी गोल स्टिकर चिकटवू नका, कोकणातल्या पावसात तो एका बाजूने सुटतो आणि डिस्क फिरताना डुलते. आत्याला मी प्लास्टिकच्या डब्यांत दिल्या, उभ्या ठेवायच्या, टीव्हीच्या मागे नाही कारण तिथे गरम होतं, देवघराच्या वरच्या फळीवर.

मार्च अखेरीस मीच घेऊन गेले. डिस्क घातली, ट्रे आत गेला, तो घर्र असा आवाज झाला आणि पडवीचा फोटो आला. आत्या म्हणाली थांब, मी दाबते. तिने रिमोट जवळ धरून 'मंत्रपुष्पांजली'वर आणलं आणि दाबलं. आप्पा उभे, सोवळं नेसलेले, हातात फुलं, आवाज थोडा कापरा. ती काही बोलली नाही. संपल्यावर मागे घेऊन परत लावलं, आणि मग मला म्हणाली, "हे बघ, मागे आई दिसतेय दारात." मी तोपर्यंत ते पन्नास वेळा बघितलं होतं, बिटरेट बघत, फील्ड बघत, आणि दारातली आजी मला दिसलीच नव्हती.

चौदापैकी अकरा कॅसेट झाल्यात. उरलेल्या तीनपैकी एकीवर पांढरी बुरशी दिसतेय, ती कॅमेऱ्यात घालायची हिंमत नाही झाली, कारण बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला) लागली तर कॅमेराच जाईल आणि तो परत मिळणार नाही. पुण्यामुंबईत कुणी मिनीडीव्ही कॅसेट उघडून साफ करून देत असेल तर कृपया सांगा, त्या कॅसेटवर बाबांनी हाताने 'सहस्रचंद्र, भाग २' लिहिलंय.